हाय बाय

माझे यजमान शांताराम गेले त्यानंतर उन्हाळा आला आणि उलटूनही गेला, मला अजून काही वाटलेलं नाही. रडू येत नाही, भूक लागत नाही, झोप लागली काय आणि न लागली काय, सारखंच. राग तेवढा येतो, आणि तोही फोनवर.

सकाळी डोळे उघडायच्या आत वामनभावोजींचा उपदेश हजर असतो. ह्यांचे धाकटे भाऊ. पालघरला असतात, आणि जग सुधारायचा मक्ता त्यांनी घेतलाय. एक दिवस गुलाबाचं फूल आणि खाली 'हसत राहा'. मग उगवता सूर्य आणि 'श्रद्धा ठेवा, देव पाठीशी आहे'. मग बदाम भिजवून खा, चालायला जा, कुटुंबात रमा. माणूस वाईट नाही. पण सख्ख्या भावाच्या बायकोशी बोलायचं काय हे कळत नाही म्हणून माणसाने फुलं पाठवावीत? माझी सून रूपल माझ्या वतीने त्यांना जोडलेले हात पाठवते आणि विषय मिटवते.

रूपल गुणी आहे. बोईसरच्या ह्या दोन खोल्यांत ती घर बघते, नोकरी बघते आणि मलाही बघते. सकाळी रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला हातात देऊन समोर उभी राहते. मी गोळी गालात धरते, पाणी पिते आणि तिची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकते. गोळी सोडली तर एखाद दिवशी अर्धं अंग लुळं पडेल, नाहीतर सगळाच कारभार आटपेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. मी ऐकून घेतलं. घाबरायला हवं होतं, ते जमलं नाही. मरायची हौस आहे असंही नाही. गिळावंसं वाटत नाही, एवढंच.

आणि ह्यात नवसीची भर पडली. नवसी दातिवऱ्याची, माझं माहेर माकुणसार. तिची आई म्हावऱ्याची पाटी घेऊन आमच्या वाडीत यायची. आमच्या आया घासाघीस करत बसायच्या, तोवर आम्ही दोघी मागच्या बाजूला कच्च्या कैऱ्या फस्त करायचो. पुढे मी लग्न होऊन इकडे आले, पण ती येत राहिली. हे गेले तेव्हा मात्र ती पाय मोडून घरात पडली होती. फोन करायची. मी उचलायचे नाही. मग कधीतरी ती फोनवर दोन अक्षरं लिहायला शिकली, आणि सकाळी सकाळी तिचा निरोप यायला लागला: 'हाय बाय'.

एवढंच. दुसरा शब्द नाही.

"भारी आहे हं तुमची मैत्रीण," रूपल म्हणाली. "हाय आणि बाय एकाच दमात. मधलं बोलणंच गायब."

ती हसली, मला मात्र ते झोंबलं. भावोजींचं सोडा. पण नवसीने? माझा नवरा गेला आणि हिने रस्त्यात भेटल्यासारखा हात हलवायचा? रोज तेच. एका सकाळी माझं डोकंच फिरलं. 'पुन्हा काही पाठवू नकोस,' असं मी लिहिलं आणि पाठवून दिलं. बरं वाटेल अशी आशा होती. तसलं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. रूपलने उघडलं. काठी टेकत नवसी आत आली, घामाने निथळत होती. दातिवऱ्याहून सफाळे, तिथून गाडीने बोईसर, आणि वर आमचे जिने. खुर्चीत बसायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"काय गो, काय केलं मी तुला?"

"वर मलाच विचारतेस?" मी म्हटलं. "माझं सगळं गेलं, आणि तू हाय-बाय करतेस?"

"मं काय करू?"

"चार शब्द लिहायचे होते."

"मना काय चार शब्द येतात? तू फोन उचलंस नाय." ती माझ्याकडे बघतच राहिली. ह्यात चिडण्यासारखं काय आहे, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग लहान पोराला सांगतात तसं तिने सांगितलं. "हाय, बाय. मी हाय, बाय. हाय मी हितं. आणकी काय लिवायचं असतं?"

जन्म माझा माकुणसारचा, 'आहे'ला 'हाय' म्हणत आणि 'बाय' म्हणून हाका ऐकत मोठी झाले. बोईसरच्या कॉलनीत राहून मी शहाणी झाले आणि फोनवर ते दोन्ही शब्द मला इंग्रजी दिसले. रूपलला तरी काय दोष द्यायचा? मला माझीच लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी रागापलीकडे काहीतरी वाटलं, ते हे.

वातावरण हलकं करायला रूपल म्हणाली, "मावशी, आईंची तब्येत छान आहे हं. गोळ्या अगदी वेळेवर घेतात."

नवसीने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "घेतंस?"

"नाय," मी म्हटलं.

रूपलचा चेहरा पडला. "आई? मी रोज समोर उभी असते..."

"थुंकते मी," मी म्हटलं. "तुझी चूक नाही. मला काही वाटतच नाही गं. जगावंसंही वाटत नाही आणि मरावंसंही नाही."

रूपल रडायला लागली. नवसी रडली नाही. मला वाटलं, आता हीही देवाचं नाव घेईल, ह्यांची आठवण काढेल, मुलाबाळांकडे बघ म्हणेल. तिने रूपलकडून गोळी मागून घेतली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"नाय वाटत त नको वाटूदे," ती म्हणाली. "त्याला वाटाया कुटं लागतं? गिळाया लागतं. मी काय रोज हौशीनं उठतंय?"

मी गोळी गिळली. काही वाटलं नाही. नवसीने माझं तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, दोन्ही गाल तपासले. मग काठी भिंतीला टेकवून ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चा टाक आता. सकाळपास्नं उपाशी हाय मी."

मी उठले आणि आधण ठेवलं.