फोटोखाली गाडलेलं बटण

मी एक वेबसाइट बोलतेय. हो, तीच, जी उघडायला जरा वेळ लागला की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. रागावले नाही हं मी. घाईत असलेल्या माणसाच्या घरी कुणीतरी आजारी असू शकतं, हे मी जन्मले त्या घरात शिकले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका सूनबाईने मला सासूबाईंसाठी घडवलं. सासूबाईंचा एक नेम होता. सासरे अंथरुणातून उठून चालू लागले, त्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडून म्हटलं होतं, "यांची काठी, चाकाची खुर्ची, सगळं आता ज्याला लागेल त्याचं." तेव्हापासून इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत कुबड्या, वॉकर, खुर्च्या जमल्या. नेणारा बरा झाला की धुऊनपुसून परत आणून द्यायचा. पुढे सासूबाईंना फोनवरचं ऐकू येईना, म्हणून मी आले. दारावर पाटी लागली : मागणी वेबसाइटवरच नोंदवा.

सूनबाईने मला हौसेने नटवलं. वर खोलीचा भलामोठा फोटो, बाजूने सरकणारी फुलं, खाली 'मला हवंय' असं बटण. तिच्या नव्या कॉम्प्युटरवर ते झक्क चाललं.

"तुमच्या फोनवरून एकदा दाबून बघा ना, आई."

सासूबाईंनी हात मागे घेतला. "छे गं! गरज नसताना मागायचं? नेमात खोटं नको."

मग दोन महिने एकही मागणी आली नाही. माणसं मात्र येत होती! ब्राउझर म्हणजे मला बघायची खिडकी, आणि ती ज्याची त्याची वेगळी. जुन्या फोनांच्या खिडकीत तो फोटो ऐसपैस पसरायचा आणि बटण त्याच्याखाली गाडलं जायचं. माणसं वरखाली शोधून निघून जायची. मला ओरडता थोडंच येतं?

एक दिवस इमारतीचे सेक्रेटरी आले. "वहिनी, खोलीकडे कुणी फिरकत नाही. एक तारखेपासून तिथे रंगाचे डबे ठेवतो."

"अजून दहा दिवस आहेत ना," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी पायरीवर त्यांचा पाय मुरगळला. "आता मागायला हरकत नाही," म्हणत त्यांनी आपला जुना फोन काढला. "अगं, बटण कुठाय?"

"फोटोच्या खाली, आई."

"फोटोच्या खाली काही नाही."

सूनबाईने फोन हातात घेतला आणि मला वरखाली सरकवून पाहिलं. "आई, लोक येऊन परत गेले असतील हो! मीच दार चिणून टाकलं."

मग सुरू झाली माझी डागडुजी. तिने नवऱ्याचा जुना लॅपटॉप, शेजारच्या नर्सचा आणि शिंपीकाकांचा फोन मागून आणला. एकात बटण वर आलं, तर दुसऱ्यात अर्धं कापलं गेलं. लॅपटॉपवर अक्षरं एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसली.

शिंपीकाका बघतच राहिले. "एकच सदरा साऱ्या गल्लीला बसवताय होय?"

"तसंच समजा काका. त्यातून कुणी माप देत नाही!"

तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर डोकं टेकलं. "नाही जमत मला."

पाय उशीवर ठेवून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "फुलं काढ. फोटोही काढ. नमस्काराला दागिने लागतात का गं?"

माझा एकेक दागिना उतरला. उरल्या चार ओळी आणि एक ठळक बटण. खरं सांगते, आधी लाज वाटली, मग हलकं वाटलं. साऱ्याच खिडक्यांत मी सारखीच दिसले. सासूबाईंनी स्वतःसाठी काठी मागितली. माझी पहिली मागणी!

महिना संपायला दोन दिवस होते, तेव्हा ओळखीच्या एका जुन्या खिडकीतून कुणीतरी लिहिलं, "वडिलांना वॉकर हवाय. तीनदा येऊन गेलो, बटण सापडलं नव्हतं." सूनबाईने ते सेक्रेटरींना वाचून दाखवलं, तेव्हा वॉकर खोलीबाहेर काढायला तेच पुढे झाले. "रंगाचे डबे गच्चीवर ठेवतो, वहिनी," ते पुटपुटले.

आता रोज पूजा झाली की सासूबाई दारी येईल त्याचा फोन मागतात आणि बटण दाबतात. "हे खोटं नाही हं," त्या देवाकडे बघून सांगतात, "दार उघडतंय का, तेवढं बघतेय."

तुम्हाला कुठे असं बंद दार भेटलं, तर मुकाट्याने परत फिरू नका. एक हाक मारा. आत कुणीतरी वाट बघत असतं.