शिजलेली डोकी

"कोणी नेली डोकी? सांग, कोणी नेली?" जंगबीर खाटेवरून ओरडला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

त्याचा मुलगा सुकलाल रिकामी टोपली दारात टाकून घाम पुसत होता. दुसऱ्या दिवशी माघे संक्रांत, आमचा कंद खायचा सण. म्हाताऱ्याने कितीतरी दिवस रोजच्या ढिंडोला, पिठाच्या घट्ट उकडीला, तोंड लावलं नव्हतं. मरायच्या आधी एकदा खालच्या रानातला कंद खायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. म्हणून सुकलाल पहाटेच मनहरी नदीच्या काठापर्यंत उतरला होता.

"बा, तुझे सगळे खड्डे उकरले. वेल नाही, मूळ नाही. कुणीतरी साफ लुटून नेलंय."

"एकसुद्धा डोकं नाही ठेवलं?"

"नाही ना."

आमच्यात कंद खणला की वेलाजवळचा वरचा तुकडा, म्हणजे त्याचं डोकं, त्याच खड्ड्यात परत पुरतात. तिथूनच पुन्हा कंद धरतो. दुसऱ्याच्या खड्ड्यातला कंद चोरणारा माणूससुद्धा एवढं पाळतो.

"ज्यानं नेली त्याच्या चुलीवर कधी काही न शिजो," जंगबीर म्हणाला.

चुलीपाशी त्याची बायको ऐतीमाया बसली होती. तिने मान वर केली नाही.

मी शेजारचा. दाराशीच होतो, आणि मला ठाऊक होतं. त्या बापलेकांशिवाय सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. दरडीखाली गाव गेलं तेव्हा साहेबलोकांनी आम्हाला उचलून डोंगरमाथ्यावर आणून टाकलं. पत्र्याची घरं दिली, फोटो काढले आणि गेले. जंगबीरचे गुडघे तेव्हाच गेले. रानात उतरता येत नाही म्हणून तो लहान पोरासारखा रडायचा. ते ऐतीमायेला बघवेना. सुकलाल मजुरीला बाहेरगावी होता, तेवढ्यात तिने एकटीने खाली जाऊन खड्ड्यांतली सगळी डोकी काढली आणि परसात लावली. नवऱ्याला सांगितलं, माहेरचं बेणं आहे.

"काकी, खाली कंद मांडीएवढा होतो, अर्ध्या डोंगरावर मनगटाएवढा," मी तिला म्हणालो होतो. "इथे या गारठ्यात काय धरणार?"

"तुझ्या तोंडात कधी चांगलं येतं का रे मेल्या? वेल बघ कसा चढलाय!"

वेल खरंच छपरापर्यंत चढला होता. मग मीही गप्प बसलो.

सुकलाल रिकामी टोपली घेऊन आला त्या दिवशी संध्याकाळी तिने परस खणलं. एवढ्या वेलाखाली करंगळीएवढी मुळं निघाली. डोकी कापून ठेवायची म्हटलं तर खायला काही उरलं नसतं. तिने ती अख्खीच उकडली आणि संक्रांतीला सकाळी थाळीत घालून नवऱ्यापुढे ठेवली.

त्याने एक मोडलं. उजेडात धरलं. सालीखाली तांबूस कड होती.

"हा माझ्या दगडाखालच्या खड्ड्यातला आहे. तांबडा दुसरीकडे कुठेच होत नाही."

ऐतीमायेने चुलीतली लाकडं मागे ओढली.

"मला विचारायचं तरी होतंस."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

मला वाटलं, आता तरी तो कालचा शाप मागे घेईल. नाही घेतला. मला त्याचा राग आला, आणि तिचाही आला. वरही काही नाही, खालीही काही नाही, असं करून ठेवलं होतं तिने, आणि तेही त्याच्यासाठी.

त्याने सगळी मुळं खाल्ली. खाताना प्रत्येकाचं डोकं मोडून थाळीच्या कडेला ठेवत गेला. मग थाळी तिच्याकडे सरकवली.

"जा. जिथली तिथं पुरून ये."

"बा, शिजलीत ती," सुकलाल म्हणाला. "शिजलेलं उगवतं का कधी?"

"तुला नाही सांगितलं. तिला सांगितलंय." आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला.

ऐतीमायेने ती डोकी पानात बांधली, टोपलीत ठेवली, टोपलीचा पट्टा कपाळाला लावला आणि उतरायला लागली. सुकलाल मागून जात होता, त्याला तिने हातानेच परत पाठवलं.

ती परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. नखांत खालची काळी माती होती.

"पुरलीस?" जंगबीरने विचारलं.

"खोल पुरली," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.