निळ्या डबीतला पाव्हणा

भुरसेटोल्याच्या वानरांना त्या दिवशी काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! वर्षभर ग्रामसभेच्या कौलांवर धिंगाणा घातला, पण कॉम्प्युटरकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि नेमकं सुकरीआजीच्या पणतीचं बारसं, त्याच सकाळी एका वानरीनं खिडकीतून हात घातला, कॉम्प्युटरला लावलेलं डोंगल उपटलं, खायची वस्तू समजून करकचून चावलं आणि चव आवडली नाही म्हणून थुंकून दिलं.

संघप्रियानं चावलेलं डोंगल अंगणातून उचलून आणलं. वरोऱ्याची ही मुलगी ग्रामसभेचं इंटरनेट सांभाळायला इथे आली होती. गावात मोबाइलला रेंज नाही. फोन लावायचा तर मागची टेकडी चढा. म्हणून सभागृहाच्या छपरावर नेट जिथून येतं त्या तालुक्याच्या कुरखेड्याकडे तोंड करून एक अँटेना उभी केलेली, तिची वायर खाली डोंगलात, आणि डोंगल कॉम्प्युटरात. एवढ्याशा वस्तूवर सगळ्या गावाचं जगाशी बोलणं चालायचं.

आणि आज बोलायचं होतं कोल्हापूरला. आजीचा नातू प्रणित तिकडे नोकरीला. त्यानं तिकडचीच माधवी नावाची मुलगी केली, तीही घरी न विचारता. आजी फणफणली. लग्नाला गेली नाही, नातसुनेशी बोलली नाही. पण मुलगी झाल्याचं कळलं आणि म्हातारी लोण्यासारखी वितळली. "नाव मीच ठेवीन," असा निरोप धाडला. जायची तयारीही झाली होती, तेवढ्यात अंगणात कोंबडीमागे धावताना पडली आणि पाय प्लास्टरात गेला. मग ठरलं की बारा वाजता तिकडे पाळणा सजेल आणि इकडून आजी पडद्यावरून नाव सांगेल. नाव कोणतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नेट नाई लागलं तर तिकडचे लोक आपलं आपलं नाव ठेवून मोकळे होतीन," आजी म्हणाली. "अन् पोरीले वाटन, बुढी अजून रागातच हाय."

यावर शेजारच्या मुखरूभाऊनं तोडगा काढला. "चार पोट्टे बोलावतो, तुले खाटेवर घालतो, अन् नेतो टेकडीवर!"

"मी जित्ती हाय ना बे? मले खाटेवर काऊन नेतं?" आजी अशी कडाडली की मुखरूभाऊ तसाच मोटारसायकलवर बसला आणि नवं डोंगल आणायला कुरखेड्याला सुटला.

आणलंही बिचाऱ्यानं. पण जुनं पिवळ्या डबीतलं होतं, हे निळ्या. कंपनी दुसरी, रूप दुसरं. दुकानात दुसरं नव्हतंच. संघप्रियानं ते लावलं. दिवा लागला नाही. कॉम्प्युटर ढिम्म.

आता हे ढिम्म का, ते समजून घ्या, फार अवघड नाही. कॉम्प्युटरच्या आत कर्नेल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. जगात डोंगलं हजारो, पण त्यांच्या आतल्या चिपांची घराणी मोजकीच. कारभारी एकेका घराण्यासाठी एकेक माणूस नेमतो, त्याला म्हणायचं ड्रायव्हर. त्या घराण्याला कसं बोलतं करायचं, ते त्याला ठाऊक. एकदा का डोंगल बोलतं झालं, की पुढे इंटरनेटची बोली सगळ्यांसाठी तीच. मग वायर असो की हवा, निळं असो की पिवळं. अडतं ते दारातच. प्रत्येक डोंगल आत शिरताना आपला नंबर सांगतं, आणि नंबर ओळखीचा नसला तर एकही ड्रायव्हर जागचा उठत नाही.

नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवता आला असता. पण इंटरनेट तर डोंगल चालल्यावर येणार! दोर विहिरीत आणि उतरायला दोर पाहिजे, अशातली गत. संघप्रियानं कपाळावर हात मारला.

तोवर सभागृह भरलं होतं. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, मुखरूभाऊनं बुंदी आणली होती, आणि आजी खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, केसांत फूल खोचून बसली होती. ते फूल पाहून संघप्रियाला रडूच यायला लागलं.

"का झालं वो?"

"आजी, नवीन डोंगलला कॉम्प्युटर ओळखूनच नाई राह्यला."

आजीनं डोंगल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि ओट्यावर टेकलेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारते तेच त्याला विचारलं. "का गा पाव्हण्या, किती देवाचा तू?"

सगळं सभागृह खो खो हसलं. गोंडांत ही पहिली विचारपूस, घराणं किती देव पुजतं ते विचारायचं. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. देव सारखे निघाले तर माणूस भाऊबंद, वेगळे निघाले तर सोयरा. आडनाव नवं असो, गाव शंभर कोसांवरचं असो, देव कळले की पाहुण्याला कुठे बसवायचं ते कळलं. संघप्रिया आली तेव्हा तिलाही विचारलं होतं. "आजी, आम्ही बौद्ध, आमच्यात देव मोजत नाईत," असं तिनं सांगितलं, तर आजी म्हणाली होती, "मंग तू सगळ्याईचीच. बस कुठीबी."

संघप्रियाही हसली आणि हसता हसता थांबली. अरे, मी तरी याला कुठे विचारलं? नाव वाचलं, डबी पाहिली, आणि परका ठरवून मोकळी झाले!

"मुखरूभाऊ, चाकू द्या."

"नवं कोरं हाय, फोडतं का? दुकानवाला वापस नाई घेणार!"

"द्या म्हणते ना!"

फोडायला हवंच होतं, कारण घराण्याचं नाव आतल्या चिपेवर लिहिलेलं असतं. खोटं घराणं सांगितलं तर कारभारी भाबडा, विश्वास ठेवतो आणि मग कॉम्प्युटरच अडकून बसतो. तिनं चाकूचं टोक फटीत घातलं. कट्ट आवाज झाला तशी मुखरूभाऊनं डोळे मिटले. निळं कवच निघालं. मग वानरीनं चावलेलं पिवळंही उघडलं. दोन्ही चिपा शेजारी धरून ती उन्हात गेली, डोळे बारीक करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"भाऊभाऊ हायेत!" ती अंगणातूनच ओरडली. "आजी, दोघंही एकाच घरचे!"

म्हणजे ड्रायव्हर घरातच होता, बसल्या जागी. त्याला फक्त सांगायचं होतं की बाबा रे, हा नंबर नवा आहे, पण माणूस आपलाच. तिनं उघडंवाघडं डोंगल लावलं, एका ओळीत ड्रायव्हरचं नाव आणि पाहुण्याचा नंबर लिहिला आणि श्वास रोखून बटण दाबलं.

दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा, मग थांबेचना!

"लागलं रे बाप्पा!" मुखरूभाऊनं अशी आरोळी ठोकली की बुंदीचं पातेलं लवंडता लवंडता राहिलं. पोरं नाचायला लागली. संघप्रियानं आजीचा गालगुच्चा घेतला, आणि आजीनंही घेऊ दिला.

पडद्यावर कोल्हापूर उजळलं. झेंडूनं सजलेला पाळणा, प्रणित, बाळाला घेतलेली माधवी, आणि तिच्या बाजूला तिची आई.

"जोहार आजी!" प्रणित ओरडला.

"आजी, आम्ही थांबलोय बघा. तुमच्याशिवाय न्हाई ठेवायचं म्हटलं नाव," माधवी म्हणाली. पहिल्यांदाच बोलत होती ती आजीशी.

आजीनं पदर सावरला. सभागृहात कधीच्या पैजा लागलेल्या. कोणी म्हणे सासूचं नाव ठेवील, कोणी म्हणे स्वतःचंच. आजी पडद्याजवळ वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "हौसा."

हौसा? गावात या नावाची कोणी नव्हती. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि पडद्यावर तर सगळं गोठलं. ना आवाज, ना हालचाल. गेलं नेट! संघप्रिया डोंगलकडे झेपावली. पण दिवा लुकलुकतच होता.

मग माधवीच्या आईनं तोंडाला पदर लावला. "माझ्या आईचं नाव हाय ते," ती हुंदक्यातून म्हणाली. "माधवीला तिनंच वाढवली. गेल्या साली गेली. तुम्हांला कुणी सांगितलं, आजी?"

"परनितले इचारलं होतं दिवाळीले. म्हटलं, कोणी वाढवली रे हे पोरगी?" आजीनं पाय सावरला. "पोरगी आपलं सगळं सोडून आमच्यात आली. तिच्याकडचं एक माणूस तरी आमच्या घरात पाह्यजे का नाई?"

माधवीनं बाळाला उचलून कॅमेऱ्याजवळ धरलं, इतकं जवळ की पडदाभर नुसतं नाक आणि मिटलेले डोळे दिसू लागले. इकडे बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, तिकडच्यांना चाल ठाऊक नव्हती तरी त्यांनी टाळ्या धरल्या. मुखरूभाऊ बुंदी वाटता वाटता डोळे पुसत होता आणि धूर लागला म्हणून सांगत होता. चूल तर कुठेच नव्हती.

जेवायची वेळ झाली तशी माणसं पांगली. संघप्रिया म्हणाली, "आजी, बंद करू का आता?"

"थांब वो." आजी पडद्यासमोरून हलली नव्हती.

"हौसा झोपलीय, आजी," तिकडून माधवी कुजबुजली.

"झोपू दे," आजीही कुजबुजली. "उठली का सांगजो मले. मी इथीच बसून हाव."