खळ्यातली पेटी

हरेश्वरने पेटीचा शेवटचा बोल्ट आवळला आणि पाना हातातच धरून ठेवला.

"झालं ना काका? द्या इकडे," मृणाली म्हणाली.

"थांब बाय. आधी एक विचारायचं हाय."

मुंबईच्या कॉलेजातली ही मुलगी मुरुडमागच्या त्या गावात ही मोजणीची पेटी बसवायला आठवडाभर जागा शोधत फिरत होती. शेवटी तिला हरेश्वरचं मोकळं खळं पसंत पडलं. आकाशात वीज कडाडते तेव्हा हवेतून वाट काढता काढता ती एक्स-रेही सोडते. ते किरण ही पेटी मोजणार, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून हरेश्वरला जेवण गोड लागत नव्हतं.

"छातीचा फोटो काढतात, तेच किरण ना?"

"तेच."

"त्याने कॅन्सर व्हतो म्हणतात."

"फार घेतले तर. का हो?"

तो खळ्याकडे बघत राहिला. दसऱ्याच्या सुमाराला कापलेलं भात तिथे पडलेलं असायचं आणि नेमकं आभाळ गडगडायचं. तो विजेला भ्यायचा. पडवीतूनच ओरडायचा आणि ठमा धावायची. ओल्या लुगड्याने भारे आत आणून टाकत म्हणायची, "विजेपरीस तुमचाच आवाज मोठा हाय!" शेजारचा गुणाजी कुंपणावरून हाक मारायचा, "हरेश्वरा, विजेला बायको पुढं करतोस व्हय रे?" तिघंही हसायची.

"माझी बायको त्यानेच गेली, कॅन्सरने," तो म्हणाला. "विजा चमकताना तिलाच बाहेर धाडायचो मी. चाळीस वर्षं."

मृणालीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"नाही काका. खाली पोचेपर्यंत ते किरण इतके थोडे उरतात की पकडायला ही पेटी लागते. वीज अंगावर पडली असती तर गोष्ट निराळी. पण किरणांनी त्यांना काही झालं नाही. तुमचा त्यात दोष नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने पाना तिच्या हातात दिला.

"तिच्या शेवटच्या वर्षी एक वीज अशी लखलखली," तो म्हणाला, "की दिवसासारखं दिसलं. भारा उचलून ती इथंच उभी होती. गळ्याची हाडं, मनगटं, सगळं दिसलं मला. केवढी वाळली होती."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, भात भिजतंय, लवकर आण."