फोटोतली फुंकर

मित्रांनो, मी बॅकगॅमनचा जुना पट आहे. अक्रोडाच्या लाकडाचा, मध्ये बिजागरी असलेला, पेटीसारखा मिटणारा. माझ्यावर चोवीस निमुळते त्रिकोण आहेत. त्यांना घरे म्हणतात. खेळाडू दोन, प्रत्येकाच्या सोंगट्या पंधरा; एकाच्या काळ्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. फासे टाकत आपल्या सगळ्या सोंगट्या जो आधी बाहेर काढील, तो जिंकतो.

मला एका सुताराने घडवले. माझे त्रिकोण तासत असताना त्याची बायको म्हणायची, "घरातल्या टेबलाचा पाय वर्षभर डुगडुगतोय, आणि साहेब खेळणी कोरतायत!" पुढे त्याने मला वाचनालयाला देऊन टाकले. त्या टेबलाचे काय झाले, मला ठाऊक नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ग्रंथपालबाई शनिवारी मुलांना खेळ शिकवत. त्यांचा भाचा पहिला विद्यार्थी. तो त्यांना आत्या म्हणे, म्हणून सगळीच मुले आत्या म्हणू लागली. फासे चामड्याच्या पेल्यात खुळखुळवूनच टाकायचे, ही त्यांची पक्की शिस्त. हाताने टाकलेले दान धरले जात नसे, कारण हाताला लबाडी करता येते, पेल्याला येत नाही. "दोन फासे छत्तीस प्रकारांनी पडतात," त्या सांगत. "त्यातल्या अकरांत निदान एक सहा असतो. मग सहावर किती भरवसा ठेवायचा?" मुले बोटांवर हिशेब करत. भाचा तर एकेका चालीला इतका वेळ घेई, की त्याचे नावच 'सावकाश' पडले. "अरे, हलव की सोंगटी! लाकडाला पालवी फुटेल आता," अशी ओरड व्हायची. ती माझी सुखाची वर्षे होती.

सावकाश मोठा झाला, देशोदेशी खेळला आणि विजेता ठरला. नेमक्या त्याच सुमारास वाचनालयाची समिती ठरवणार होती, की शनिवारचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा. एका वृत्तपत्राला सावकाशवर लेख हवा होता. तो आत्यांना म्हणाला, "त्यांना इथेच बोलावतो. तुझा वर्ग पेपरात आला, की समितीची काय बिशाद आहे खोली काढून घ्यायची!"

छायाचित्रकार आला. सावकाश नेहमीसारखा हनुवटीवर मूठ टेकवून विचार करत बसला.

"अहो, काहीतरी करा ना! फोटोत झोपल्यासारखे दिसताय. फासे हातात घ्या. फुंकर मारा."

"इथे पेला वापरतात," आत्या म्हणाल्या.

"आत्या, एका फोटोनं काय होतंय?" असे म्हणत सावकाशने डोळे मिटले आणि मुठीवर फुंकर मारली.

रविवारी लेख आला. मथळा होता, 'नशिबाचा राजा'. हिशेबाबद्दल त्यात अक्षर नव्हते, आणि वर्गाबद्दल होती ती एक ओळ: राजाने हे धडे इथेच गिरवले.

समितीच्या अध्यक्षांनी अंक माझ्यावरच पसरला. "बाई, मुलांना तुम्ही हे शिकवता?"

"मी शक्यता मोजायला शिकवते."

"फोटोत तर फुंकर मारतायत. पालक विचारतात, वाचनालयात जुगार कधीपासून सुरू झाला?"

आत्यांनी कागदावर छत्तीस चौकोन काढून दाखवले. अध्यक्षांनी ते सौजन्याने पाहिले. वर्ग बंद झाला.

त्यानंतर जो जो सावकाशवर लिहायला आला, त्याने आधीचे लेख वाचलेले होते आणि त्याला तीच फुंकर हवी होती. प्रेक्षकही ती मागू लागले. अखेर सावकाश खऱ्या सामन्यातही पेल्यावर फुंकर मारू लागला. लोक टाळ्या वाजवत. राजा ज्यावर शिकला तो पट म्हणून माझीही फार स्तुती झाली, मित्रांनो. खेळायला मात्र कुणी बसले नाही.

एके दिवशी सावकाशने मला मागून नेले. आता मी एका चित्रवाणी केंद्राच्या दालनात भिंतीवर उभा टांगलेला आहे. सोंगट्या घसरू नयेत म्हणून त्या गोंदाने चिकटवल्या आहेत. चिकटवणाऱ्याला रंगसंगती आवडली असावी, कारण एकेका घरात त्याने काळी आणि पांढरी शेजारी शेजारी बसवली आहे. दोन्ही रंग एका घरात कधीच राहू शकत नाहीत, हे पहिल्या शनिवारी आलेले मूलसुद्धा सांगेल.

एकदा आत्या आल्या. माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी एका काळ्या सोंगटीखाली नख घातले आणि तिला तिच्या घरी सरकवू पाहिले. नख तुटले. सोंगटी हलली नाही.

"आजी, हात नका लावू," पहारेकरी म्हणाला. "चॅम्पियनचा पट आहे तो."

"हो, चुकलंच माझं," आत्या म्हणाल्या आणि बोट मुठीत धरून निघून गेल्या.

मित्रांनो, वस्तू जपा, असे सगळेच जुने पट सांगतात. मला इथे रोज पुसतात. माझे एवढेच मागणे होते, की एखाद्या खेळाचे चित्र पाहून त्याच्याबद्दल मत बनवण्याआधी कुणाबरोबर तरी एक डाव खेळून पाहा. पण हे सांगायला मला उशीर झाला. वाटेने जाणारी मुले माझ्यासमोर थांबतात, रिकामी मूठ ओठांशी नेतात, फुंकर मारतात आणि हसत पुढे जातात.