गळ्याचा व्यायाम

उपरणं इस्त्री होऊन आलं तरी देवव्रत काही खुर्चीवरून उठेना. ऑकलंडजवळच्या ओटाहुहूच्या भाड्याच्या हॉलमध्ये माघी गणेशजयंतीला माणसं जमली होती, शशिकांतने पेटीवर सूर धरला होता, आणि कीर्तनकारबुवा, म्हणजे देवव्रतच, स्वयंपाकघरात कुकरशेजारी बसून होते.

"चला बुवा. लोकांना मोदक आठवायच्या आत उभे राहा," बाळासाहेब म्हणाले. मंडळातले हे सगळ्यांत वडीलधारे. निम्मं आयुष्य ईस्ट टामाकीच्या कारखान्यात गेलेलं. देवव्रतला इथे पहिल्यांदा कीर्तनाला उभं केलं ते त्यांनीच, आणि चीनच्या विद्यापीठातले आपले प्राध्यापक सुट्टीवर आलेत, कीर्तन होणार, असं यंदा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तेही त्यांनीच.

प्राध्यापक हा शब्द वाचून देवव्रतला हसू आलं होतं. ऑकलंडमधल्या ज्या खासगी कॉलेजात तो इंजिनिअरिंग शिकवायचा, त्याला एका सकाळी कुलूप लागलं. मनुरेवाच्या घराचे हप्ते काही थांबणार नव्हते, म्हणून एजंट म्हणेल तिथे, चीनला, तो गेला. न्यूझीलंडचा पासपोर्ट म्हणजे इंग्रजी जन्मापासूनचं, असा तिथला हिशेब. पुण्याचं एम.टेक. बाजूला राहिलं आणि वर्गभर पोरांकडून तो 'हाऊ वॉज युअर वीकेंड' घोकून घ्यायला लागला. हिवाळ्यात वर्गात शेगडी नाही. पोरं डगल्यात, मास्तर डगल्यात. सुट्टीतला पगार देऊ म्हणाले होते, तो विचारायला गेलं की पुढे बघू.

शेजारच्या खोलीत हॅमिल्टनचा गोरा कॉनर राहायचा. पासपोर्ट एकाच देशाचा, तास तितकेच. डिग्री अर्ध्यात सोडलेली, वर्गात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून जायचा, आणि पगार देवव्रतच्या दीडपट. देवव्रतने ऑफिसात जाऊन कारण विचारलं, तेव्हा तिथल्या बाईंनी अगदी मायेनं समजावलं, की माहितीपत्रकावर पालकांना तसा चेहरा आवडतो. पोरगा भला होता. त्याची त्यालाच लाज वाटायची आणि तो बिअर घेऊन यायचा. बुवा काही ती पीत नसत.

हे सगळं देवव्रतने गिळलं होतं. घरी बायकोला, विभावरीला, थोडं सांगितलं, बाकी थंडीवर ढकललं. एक गोष्ट मात्र त्याने तिलाही सांगितली नव्हती.

आता तो उठला. विभावरीने उपरणं खांद्यावर नीट बसवून दिलं, बाळासाहेबांनी बुक्का लावला आणि वाकून नमस्कार केला. वयानं एवढा मोठा माणूस. पण नारदाच्या गादीवर उभ्या राहणाऱ्याचं वय कोणी बघत नाही. देवव्रतचे पाय नकळत मागे सरले.

नमनाचा श्लोक त्याने म्हटला. पुढच्या रांगेतल्यांनी माना डोलावल्या, मागून कोणीतरी "आवाज, बुवा" म्हणालं. शशिकांतने माईक वर केला, मग त्याची वायर हलवून पाहिली. माईकला काही झालेलं नव्हतं. देवव्रत पुन्हा गायला, तर सूर नेमका, शब्द स्वच्छ, आणि आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये एवढाच.

"बाबा, यू आर व्हिस्परिंग," इरा म्हणाली. चारदोन लोक हसले. तोही हसला, चिपळ्या खाली ठेवल्या आणि पाणी पिऊन येतो म्हणून स्वयंपाकघरात गेला.

बाळासाहेब मागोमाग आले. सर्दी झाली का, विचारू लागले. देवव्रतने नळ बंद केला.

"तिथे संध्याकाळी खोलीत गायचो, बाळासाहेब. दोनतीन पोरं जिन्यात ऐकत बसायची. कोणीतरी वर सांगितलं. करारात धर्माचं काही करायचं नाही असं आहेच. ऑफिसातल्या बाईंनी चहा दिला आणि विचारलं, ही प्रार्थना आहे का?"

"मग?"

"म्हटलं, छे हो. गळ्याचा व्यायाम आहे, यात देवबिव काही नाही." तो ओले हात पुसू लागला. "खूश झाल्या. जाताना संत्री दिली पिशवीभर. तेव्हापासून तोंडातल्या तोंडात गातो."

बाळासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोटासाठी म्हणालास. देवाला कळतं रे."

"देवाला कळतं हो," देवव्रत म्हणाला. "गळ्याला कळत नाही."

बाहेर शशिकांत तोच तोच सूर धरून थकला होता. देवव्रतने उपरणं काढलं, पूर्वीच्या घडीवर घडी घातली आणि बाळासाहेबांच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात परत जायचंय, कराराचं वर्ष अजून बाकी आहे, असं काहीसं म्हणाला. चिपळ्या इथेच राहू देत, तिथे बॅग उघडतात.

मग शशिकांतने भजन सुरू केलं. कीर्तनाऐवजी भजनावरही लोक खूश होते. गजर चढला, हॉल टाळ्यांनी भरून गेला. देवव्रत शेवटच्या रांगेत विभावरी आणि इराच्या मधे येऊन बसला. डोळे मिटून तोही टाळ्या वाजवू लागला. ठेका जराही चुकत नव्हता.

इरा आधी हसली. मग तिने आईचं कोपर ओढून बाबांच्या हातांकडे दाखवलं. दोन्ही तळवे वेगानं जवळ येत होते, आणि एकमेकांना लागायच्या आत, बोटभर अंतरावर, थांबत होते.