वारा उलटा होता

कानमास्तरांचा छोटा ट्रॅक्टर जळाला तेव्हा ते त्याच्यापासून वीस पावलांवर, त्याच्याकडे पाठ करून, आपल्या बागेत लिंबाच्या एका फळांनी लवलेल्या फांदीला टेकू देत होते. ट्रॅक्टर चालूच ठेवला होता. सकाळपासून गवत कापून कापून वाळका कचरा सायलेन्सरभोवती ठासून बसला होता, त्याने पेट घेतला, आणि मास्तर टेकू सरळ लागला की तिरका हेच बघत राहिले. मागे वळले ते नाकात धूर गेला म्हणून. तोवर सीट जळून तिच्या स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या.

"एवढा भडका उडाला, बाई ओरडत होत्या, आणि तुम्हाला ऐकू नाही आलं?" भेटणारा प्रत्येक जण विचारी.

"वारा उलटा होता," मास्तर सांगत.

बायकोचा घसा पुढे चार दिवस बसला होता. तो धुराने बसला, असंही मास्तर सांगत. हे मात्र त्यांना कोणी विचारलेलं नसे.

मास्तर ते कधीच नव्हते, कान मात्र होता. पाण्याचा पंप असो, पिठाची चक्की असो, नाहीतर कुणाची म्हातारी मोटारसायकल, माणसं ती त्यांच्या दारात आणून चालू करत. मास्तर डोळे मिटून ऐकत. मग मालकाचा तळहात आपल्या हातात घेऊन त्यावर दोन बोटांनी इंजिन वाजवून दाखवत. "हे निरोगी. आणि हे तुझं." फरक कळायला मालकाला दुसरं काही लागत नसे. घरीही तेच. जेवताना टेबलाच्या कडेवर दिवसभरातली सगळी इंजिनं वाजायची. बेअरिंग गेलं असेल तर बोटाच्या पेराने, नोझल चोंदलं असेल तर अंगठ्याने, आणि झडप दाबणारा टॅपेट ढिला असेल तर नखाने. चौतीस वर्षांत बायकोला हे सगळं पाठ झालं होतं, तिने कधी मागितलं नव्हतं तरी. संसारात बाईला काय काय शिकावं लागतं याला काही धरबंध नाही.

गेल्या चार वर्षांत आधी बारीक आवाज गेले. फोनची घंटा, कुलपात फिरणारी किल्ली, बाहेरून कुणी मारलेली हलकी हाक. मास्तरांनी याला बहिरेपण म्हटलं नाही. जग हळू बोलायला लागलं आहे, असं त्यांचं निदान होतं. कुणी इंजिन घेऊन आलं की ते म्हणत, "आज सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात आण." अशी सर्दी चार वर्षं टिकलेली कुणी पाहिली नव्हती, पण मास्तरांच्या शब्दाला मान होता, तेव्हा लोक दुसरीकडे जाऊ लागले.

विम्याचे पैसे विनातक्रार आले. प्रश्न वेगळाच होता. बाग जुनी, झाडं दाटीने लावलेली, फांद्या खाली टेकलेल्या. त्यांच्यामधून बुटका, अरुंद ट्रॅक्टरच जायचा. लेकीने भाड्याने मोठा आणला, तर त्याने पहिल्याच फेरीत अकरा फांद्या मोडल्या. मास्तर त्या गोळा करत होते आणि लेक कमरेवर हात ठेवून बघत होती. ती गुरांची डॉक्टर. कुठे दुखतंय ते न सांगणाऱ्या रुग्णांची तिला सवय होती.

"बाबा, छोटा ट्रॅक्टर घेऊ. जुना चालेल. पण आधी कान तपासून घ्यायचे."

"माझे कान? अगं, लोक माझ्या कानावर भरवसा ठेवून इंजिनं विकत घेतात!"

"घ्यायचे. आता येतात का?"

मास्तरांनी एक फांदी उगाचच दुसऱ्या ढिगावर टाकली.

"बरं, मग पैज लावू," लेक म्हणाली. "आपण जो ट्रॅक्टर बघायला जाऊ, त्यातला दोष तुम्ही कानाने ओळखायचा. ओळखलात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही ओळखलात तर ट्रॅक्टर नाही, आणि बागेत एकट्याने जाणंही नाही."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती फांद्यांवरची लिंबं तोडून टोपलीत टाकण्यात गढली होती. बागेत एकट्याने न जाणं म्हणजे काय, हे मास्तरांना पुरतं कळत होतं. दारातली खुर्ची, पायावर चादर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कसं काय?" पण पैज नाकारायची तर कारण सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, "लागली."

जुने ट्रॅक्टर विकणारा पूर्वी शिवणयंत्रं विकायचा. त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर बारा-तेरा ट्रॅक्टर रांगेत उभे होते, सगळ्यांच्या टायरांना काळं पॉलिश, सगळ्यांना ताजा रंग. इतका ताजा, की लेकीने एकाला हात लावला आणि हात लाल झाला.

"काका, हा बघा. एकहाती वापरलेला. मालकाने लेकरासारखा जपला."

मास्तरांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम आहे."

"उन्हात उभा आहे ना."

"बाकीचेही उन्हातच आहेत," मास्तर म्हणाले. "आम्ही यायच्या आधी अर्धा तास चालवून ठेवलायस. थंड असताना चालू होत नसणार." विकणाऱ्याने रुमालाने मान पुसली. लेकीने पर्समधून रुमाल काढून हात पुसला आणि म्हणाली, "हे हाताने झालं, बाबा. पैज कानाची आहे."

रांगेच्या टोकाला एक होता, त्याला रंग द्यायचा राहून गेला होता. बुटका, निळा, उन्हाने फिका पडलेला, स्टिअरिंगवर कुणाच्या तरी हातांनी घासून गुळगुळीत झालेली दोन ठिकाणं. बॉनेट थंड होतं. मास्तरांना तो बघताक्षणी आवडला आणि म्हणूनच पैज हरायची भीती वाटली. विकणाऱ्याने किल्ली फिरवली. सायलेन्सरने एक ढेकर दिली आणि बॉनेट थरथरू लागलं. मास्तरांना एवढंच दिसलं. कानाला आला तो नुसता लांबचा घुमारा, भिंतीपलीकडे कुणी सतरंजी झटकत असल्यासारखा.

त्यांनी खिशातून लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. ही जुन्या मिस्त्र्यांची युक्ती. असं करणाऱ्यांना मास्तर एकेकाळी हसायचे. "कान भाड्याने दिलेत का?" असं विचारायचे. आता दातांतून, जबड्यातून, थेट कवटीत इंजिन शिरलं. धड, धड, धड. तिन्ही सिलिंडर, एकामागून एक. चार वर्षांनी त्यांना इंजिन ऐकू येत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धूर," त्यांनी मूठ तोंडातच ठेवून आपणहून सांगितलं.

धडधड छान येत होती, पण दोष असला तर तो बारीक आवाजात असणार, आणि बारीक आवाज हाडातूनही येईना. मास्तर टोक इकडे टेकवत, तिकडे टेकवत. लेक हाताची घडी घालून समोर उभी राहिली. तिचे ओठ हलले. "काय मग, बाबा?" हे ओठांवरून कळलं.

तेवढ्यात बायको मागून आली आणि वाकलेल्या नवऱ्याला आधार द्यावा तसा तिने त्यांच्या कोपरावर हात ठेवला. हात स्वस्थ राहिला नाही. दोन बोटं वाजू लागली. धड, धड, धड. आणि मधे, ठरलेल्या जागी, नख. टिक्. पुन्हा धड, धड, धड. टिक्.

नखाने टॅपेट. घरातलं जेवणाचं टेबल मास्तरांना इतकं लख्ख कधी आठवलं नव्हतं. काय शोधायचं ते कळलं, आता कुठे एवढंच उरलं होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर वरच्या झाकणावर आणला. पहिल्या जागी काही नाही. तिसऱ्या जागी काही नाही. मधल्या जागी दाताला टाचणी टोचल्यासारखं झालं, अगदी हलकं, पण बायकोच्या नखाबरोबर एकाच वेळी.

ते ताठ उभे राहिले. "टॅपेट ढिला आहे. मधल्या सिलिंडरचा."

"काका, हा तर घड्याळासारखा..." विकणाऱ्याने सुरुवात केली, पण लेकीने त्याला झाकण उघडायला लावलं. त्याच्या मिस्त्रीने इंजिन बंद करून झाकण काढलं, पातळ पट्टी घालून पाहिली आणि मालकाकडे न बघता मान डोलावली. मधलाच होता. मिस्त्रीने तो तिथेच माप लावून कसला. विकणाऱ्याने न मागता किंमत कमी केली आणि कानाची पाळी पकडून म्हणाला, "काका, मानलं!"

लेकीने नुसतं "जिंकलात" म्हटलं. तिने एकवार आईच्या हाताकडे पाहिलं. आईने हात पदराला पुसत असल्याचं सोंग केलं.

घर वीस किलोमीटरवर होतं. मास्तर स्वतः ट्रॅक्टर घेऊन निघाले, मायलेकी गाडीतून मागे. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं, आणि मास्तर शिट्टी वाजवत होते. ती त्यांना ऐकू येत नव्हती, पण ओठांना समजत होती. खुर्चीवरचा म्हातारा मागे पडला, असं त्यांना वाटलं. ते वेगही थोडा वाढवून बसले.

पुढे जे झालं ते त्यांना नंतर कळलं. सीटखालच्या हत्यारांच्या पेटीचं दार पहिल्याच खड्ड्यात उघडलं होतं. आधी एक पाना पडला. लेकीने हॉर्न दिला. मग पक्कड पडली. लेकीने गाडी थांबवली, पक्कड उचलली, पुन्हा गाठलं, पुन्हा हॉर्न दिला. मग ग्रीसची पिचकारी, मग सळई, मग एक डबा, त्यातले नट रस्ताभर. पाठीमागून येणाऱ्या एका ट्रकनेही हॉर्न दिला. शेतातल्या माणसांनी काम सोडून पाहिलं. मास्तर शिट्टी वाजवत राहिले.

शेवटी गाडी त्यांना ओलांडून आडवी उभी राहिली. मास्तरांनी करकचून ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं. लेक उतरली आणि एकेक वस्तू बॉनेटवर मांडत गेली. पाना. पक्कड. पिचकारी. सळई. नटांचा डबा, अर्धा भरलेला. शेवटी मास्तरांनीच तोंड उघडलं.

"वारा उलटा..."

बायको गाडीतून उतरली होती. तिने लेकीच्या हातातला रुमाल घेतला, तो लालच झाला होता, आणि हात वर करून चिमटीत धरला. रुमाल मास्तरांच्या पाठीमागून पुढे फडफडला. हॉर्न वाऱ्यावर बसून त्यांच्यापर्यंत आला असता, असा वारा होता.

मास्तरांनी फडफडत्या रुमालाकडे पाहिलं. मग मास्तरांनी जे तीन महिने विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या दिवशी किती हाका मारल्यास?"

बायको सीटजवळ आली आणि त्यांच्या कानाशी, पण एकदम साध्या सुरात बोलली. "मोजल्या नाहीत."

"तुझा घसा..."

"धुराने नाही बसला. धूर माझ्याकडे आलाच नव्हता. वारा तुमच्याकडे होता, म्हणून तर तुमच्या नाकात गेला." ती थांबली. "मला पलीकडून नुसती आग आणि धूर दिसत होता. तुम्ही दिसत नव्हता. हाकेला ओ नाही. मला वाटलं, तुम्ही त्यातच आहात."

मास्तरांनी स्टिअरिंगवरच्या त्या दोन गुळगुळीत जागा पुन्हा पुन्हा चोळल्या. ट्रॅक्टर जळाल्याचं दुःख त्यांनी तीन महिने ज्याला त्याला सांगितलं होतं. त्याच दुपारी, वीस पावलांवर, बायकोने काय सोसलं याची त्यांनी एकदाही विचारपूस केली नव्हती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सोमवारची वेळ घे," ते लेकीला म्हणाले.

"कसली?"

"कानांची."

"पैज तुम्ही जिंकलात, बाबा. बोलणं ते बोलणं."

"अर्धीच जिंकलो. अर्धी हिने."

"ते मला तिथेच दिसलं," लेक म्हणाली. "पण झाकणाखाली दोष होता, तो तुम्हीच दाखवलात. तेही दिसलं."

तिने हत्यारं पेटीत भरली, दार तारेने बांधलं आणि गाडी मागे घ्यायला निघाली. मास्तरांनी मान हलवली. "तुम्ही पुढे व्हा. मागचं मला कळत नाही." एवढं वाक्य बोलायला त्यांना चार वर्षं लागली होती, आणि ते बोलून झाल्यावर काहीही कोसळलं नाही. रस्ता होता तिथेच होता.

गाडी पुढे, ट्रॅक्टर मागे, असे ते निघाले. थोडं अंतर गेल्यावर गाडीच्या खिडकीतून बायकोचा हात बाहेर आला आणि दारावर दोन बोटं वाजू लागली. धड, धड, धड. मास्तर वाट बघत राहिले. नख वाजलं नाही. ते तिच्या बोटांवर नजर ठेवून घरापर्यंत चालवत गेले.